बागेतले अनोळखी फुलझाड ओळखावे कसे?

सार्वजनिक बागेत फिरताना एखादे झाड फुलांनी लगडलेले दिसते, आपण त्याचे छायाचित्र काढतो, ओळखीच्या चार जणांना पाठवतो आणि चार निरनिराळी नावे परत येतात. दोष बहुधा त्या चौघांचा नसतो, छायाचित्राचा असतो. त्यात फक्त फूल असते, तेही अगदी जवळून घेतलेले. पिवळ्या, पाच पाकळ्यांच्या फुलांची झाडे जगात असंख्य आहेत. त्यांतले आपल्यासमोरचे झाड कोणते हे ज्या गोष्टींवरून ठरते, म्हणजे पान फांदीवर कसे बसले आहे, फुलोरा वर उभा आहे की खाली लोंबतो आहे, झाडाखाली कोणती शेंग पडली आहे, त्या सगळ्या चौकटीबाहेर राहून गेलेल्या असतात. म्हणून या लेखात सुचवलेला क्रम नेहमीच्या क्रमाच्या उलटा आहे: झाड, मग पान, आणि फूल त्यानंतर.

बागेतल्या झाडांची एक खास अडचण आधीच लक्षात घ्यावी. रानातले झाड ओळखताना प्रदेशाची मदत होते, कारण त्या भागात मुळात कोणती झाडे उगवतात याची यादी मर्यादित असते. बागेत ही मदत मिळत नाही. मादागास्करचा गुलमोहर, दक्षिण अमेरिकेतला नीलमोहर, आफ्रिकेतली पिचकारी आणि ऑस्ट्रेलियातला बॉटलब्रश एकाच रस्त्याच्या कडेला ओळीने उभे असू शकतात. रानफुलांचे स्थानिक पुस्तक अशा ठिकाणी अपुरे पडते. दुसरी अडचण माणसाच्या हौसेची आहे. बागांमध्ये संकरित आणि निवडून वाढवलेले वाण फार असतात, आणि त्यांतल्या दुहेरी फुलांत पुंकेसरांच्याच जागी पाकळ्या झालेल्या असतात. दुहेरी जास्वंदीच्या किंवा दुहेरी तगरीच्या पाकळ्या मोजून काहीही निष्पन्न होत नाही. अशा वेळी त्याच पानांचे एकेरी फुलाचे झाड आसपास आहे का ते शोधावे आणि मोजणी त्याच्यावर करावी.

दुरून पाहणे

झाडाजवळ जाण्याआधी दहा-पंधरा पावले दूर उभे राहून त्याचा संपूर्ण आकार पाहावा. हा वृक्ष आहे, बुंध्यापासून फुटलेले झुडूप आहे, की आधारावर चढलेला वेल आहे? माथा छत्रीसारखा पसरट आहे की निमुळता? अंगावर पाने आहेत की झाड निष्पर्ण असताना फुलले आहे? फुले फांद्यांच्या टोकांना आहेत, पानांच्या बेचक्यात आहेत, की थेट खोडावर? हा शेवटचा प्रश्न काही वेळा एकटाच पुरतो. जाड खोडातून लोंबत्या काटक्या फुटलेल्या आहेत, त्यांवर मोठी मांसल गुलाबी-तांबडी फुले आहेत आणि तोफगोळ्यासारखी फळे लटकली आहेत, असे दिसले तर ते कैलासपतीचे झाड असते आणि पुढची तपासणी केवळ खातरजमेसाठी उरते.

दुरून पाहण्याचा आणखी एक उपयोग आहे. जे फूल दिसते ते त्याच झाडाचे आहे ना, हे तेथूनच कळते. मोठ्या वृक्षावर चढलेली बोगनवेल शेंड्यापर्यंत पोहोचली की मूळ वृक्षच त्या रंगाने फुलल्यासारखा दिसतो. बांडगुळाचीही फुले फांदीवर अशी काही दाटतात की यजमान झाडाची वाटावीत. आणि जमिनीवरचा सडा तर वाऱ्याने शेजारच्या झाडाखालून आलेला असू शकतो, म्हणून वर मान करून तेच फूल फांदीवर प्रत्यक्ष दिसल्याशिवाय खाली पडलेल्या फुलावरून निष्कर्ष काढू नये.

पान: येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा

फूल वर्षातून काही आठवडे असते. पान बराच काळ असते आणि सहसा वाणागणिक रंग बदलत नाही. पानाविषयी दोन प्रश्नांची उत्तरे बिनचूक मिळाली की झाडांची निम्म्याहून अधिक गर्दी बाजूला होते. पहिला प्रश्न, पान साधे आहे की संयुक्त. दुसरा, पाने फांदीवर कशी मांडलेली आहेत.

साधे पान म्हणजे एका देठावर एकच पाते. संयुक्त पानात एका देठावर अनेक लहान पाती असतात, त्यांना पर्णिका म्हणतात. नवख्याची येथे हमखास फसगत होते, कारण मोठी पर्णिका स्वतंत्र पानासारखी दिसते. निर्णय करण्याची खूण मात्र अगदी साधी आहे. पान जेथे फांदीला जुळते त्या बेचक्यात एक बारीक कळी असते, मग ती फुलाची असो वा नव्या फांदीची. पर्णिकेच्या बुडाशी अशी कळी कधीच नसते. तेव्हा पात्याच्या बुडापासून मागे मागे जात कळी जेथे सापडेल तेथे पानाची सुरुवात मानावी. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण या कसोटीवर किंचित चुकते: पळसाचे पान एकच असते आणि त्याला पर्णिका तीन असतात. पांगाऱ्याचेही तसेच. काटेसावरीच्या पानात मात्र पाच ते सात पर्णिका हाताच्या बोटांसारख्या एका बिंदूतून पसरतात. ही तीनही झाडे पाने गळाल्यावर तांबडी फुलतात आणि दुरून एकमेकांसारखी भासतात, तरी झाडाखालचे एक जुने वाळके पान उचलले तर सावर चटकन वेगळी काढता येते. उरलेल्या दोघांपैकी ज्याच्या फांद्यांवर काटे असतील तो पांगारा.

संयुक्त पानांतही प्रकार आहेत. मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पर्णिका असतील तर ते पिसासारखे पान, जसे बहाव्याचे. त्या दांड्याला पुन्हा उपदांडे फुटून त्यांवर बारीक पर्णिका असतील तर ते दुहेरी पिसासारखे, जसे गुलमोहराचे.

पानांची मांडणी तीन प्रकारची असते. एका पेरावर एकच पान असेल तर ती एकाआड एक मांडणी, दोन पाने असतील तर समोरासमोर, आणि तीन किंवा अधिक असतील तर मंडलाकार. कण्हेरीची पाने बहुधा तिनाच्या मंडलात असतात. सप्तपर्णीच्या नावातच मंडलातल्या पानांची संख्या आलेली आहे, जरी प्रत्यक्षात ती कमीजास्त भरते. या एका निरीक्षणाची ताकद पाहायची असेल तर गुलमोहर आणि नीलमोहर शेजारी ठेवून पाहावेत. फुले नसताना दोघांची दुहेरी पिसासारखी, झालरदार पाने इतकी सारखी दिसतात की अनेक जण वर्षानुवर्षे त्यांची अदलाबदल करतात. पण गुलमोहराची पाने एकाआड एक असतात आणि नीलमोहराची समोरासमोर. शिवाय नीलमोहराच्या टोकाची पर्णिका इतरांपेक्षा मोठी व अणकुचीदार असते. मांडणी पाहताना फांदीच्या अगदी टोकाकडे पाहू नये, कारण तेथे पेरे जवळजवळ आल्याने सगळीच पाने गुच्छात असल्यासारखी दिसतात. हातभर मागे, जुन्या भागावर पाहावे.

याशिवाय पानावर पाहण्यासारखे बरेच असते. कडा सरळ आहे की करवतीसारखी, शिरा समांतर धावतात की जाळी करतात, देठाच्या बुडाशी उपपर्णे, म्हणजे पानासारखे बारीक भाग, आहेत का, पान उजेडात धरले असता सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात का, चुरगळले तर वास येतो का, हे क्रमाने पाहावे. समोरासमोरच्या दोन देठांच्या मधोमध फांदीवर लहानसे त्रिकोणी उपपर्ण दिसले तर तो फार मोलाचा पुरावा असतो. त्याचा अर्थ पुढे कुळांच्या संदर्भात येईल. तुटलेल्या देठातून पांढरा चीक येतो का हेही पाहण्यासारखे आहे, मात्र बागेतले झाड तोडून ते पाहू नये. चाफ्याचे किंवा कण्हेरीच्या जातभाईंचे नुकते गळलेले पान पुरते. चीक डोळ्यांना जाऊ देऊ नये आणि कण्हेरीचा कोणताही भाग तोंडात घालू नये, कारण ते झाड विषारी आहे. पिवळी कण्हेरही तशीच विषारी.

फूल उलगडून पाहणे

आता फुलाकडे वळावे. नुकते पडलेले ताजे फूल तळहातावर घ्यावे. दहापट मोठे दाखवणारे खिशातले भिंग असेल तर उत्तमच. सर्वांत आधी स्वतःला विचारावे की जे रंगीत दिसते आहे ते खरोखर पाकळ्या आहेत का. बोगनवेलीचा रंग तिच्या तीन छदांचा, म्हणजे फुलाभोवतीच्या पानांचा असतो, आणि खरे फूल म्हणजे त्यांच्या मधोमध असलेली लहान फिकट नळी. पॉइन्सेटियाचेही तसेच आहे. मुसेंडाचे मोठे रंगीत पान हे वाढलेले संदल, म्हणजे कळीला बाहेरून झाकणाऱ्या, बहुधा हिरव्या पाळ्यांपैकी एक, असते. शिरीष आणि पर्जन्यवृक्षाच्या पिसासारख्या गोंड्यात रंग आहे तो पुंकेसरांचा. कर्दळीत तर पाकळ्यांसारखे दिसणारे बहुतेक भाग वांझ पुंकेसर असतात आणि खरा पराग एकाच पुंकेसराच्या अर्ध्या भागात तयार होतो. झेंडू किंवा सूर्यफूल हे एक फूल नसून फुलांचे डोके आहे, आणि त्याच्या कडेच्या प्रत्येक ‘पाकळी’च्या बुडाशी एक स्वतंत्र फूल असते. हे एकदा कळले की पाकळ्या मोजण्याची घाई आपोआप कमी होते.

मग मोजणीला बसावे. पाकळ्या किती आहेत आणि त्या सुट्या आहेत की बुडाशी जुळून नळी झाली आहे. सगळ्या सारख्या आहेत की एखादी निराळी. पुंकेसर किती, सुटे की एकत्र जुळलेले. अंडाशय पाकळ्यांच्या वर आहे की खाली देठाकडे फुगीर भागात दडले आहे. गुलमोहराच्या फुलात पाचांपैकी एक पाकळी पांढरी-पिवळी आणि ठिपक्यांची असते, पुंकेसर दहा असतात. जास्वंदीत असंख्य पुंकेसर एका नळीवर बसलेले असतात. तामणीच्या पाकळ्या बहुधा सहा, कडेला चुरगळलेल्या कागदासारख्या आणि बुडाशी देठाएवढ्या अरुंद. मोजणी तीन फुलांवर करावी, कारण एखाद्या फुलात संख्या चुकलेली असू शकते.

मोजणीने किती बारीक भेद साधतो याचे माझ्या मते सर्वांत देखणे उदाहरण कांचनाचे आहे. मधून दुभंगलेल्या पानावरून कांचनाचा वंश, म्हणजे जवळच्या जातींचा गट, कोणीही ओळखतो. वंशाचे शास्त्रीय नाव बाउहिनिया हे बाउहिन या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून पडले आहे, आणि जोडपानाला दोन भावांचे नाव मिळावे हे मजेचेच आहे. पण जात कोणती? जांभळट गुलाबी फुलात परागकोश धरणारे पूर्ण पुंकेसर साधारणतः तीन असतील तर बाउहिनिया पर्पुरिया, पाच असतील तर बाउहिनिया व्हेरिएगाटा. पर्पुरियाच्या पाकळ्या अरुंद आणि एकमेकींपासून दूर असतात. व्हेरिएगाटाच्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या. आणि फुले भरपूर, मोठी, गडद रंगाची, पण झाडावर एकही शेंग कधी दिसत नाही अशी स्थिती असेल तर तो या दोघांचा संकर, बाउहिनिया ब्लेकियाना, असण्याचा संभव मोठा. ते झाड वांझ आहे आणि कलमांनीच वाढवले जाते. हाँगकाँगच्या ध्वजावर आहे ते हेच फूल.

जमिनीवरच्या फुलाची एक मर्यादा आहे. नीलमोहरासारख्या अनेक झाडांत पाकळ्यांची नळी पुंकेसरांसह गळून पडते आणि संदले व अंडाशय फांदीवरच राहतात, त्यामुळे खालच्या फुलात अंडाशय सापडले नाही तर गोंधळून न जाता छायाचित्र मोठे करून वरच्या फांदीवर पाहावे.

रंगाविषयी सावध राहावे. काही फुले वयानुसार रंग बदलतात: मधुमालतीची पांढरी फुले गुलाबी होत लाल होतात, ब्रनफेल्सियाची जांभळी फुले फिकी होत पांढरी होतात, आणि गुलाबी होत जाणारी एक जास्वंद सकाळी पांढरी व संध्याकाळी गडद असते. एकाच फांदीवर दोन रंग दिसले म्हणून दोन झाडे गुंतली आहेत असे समजू नये.

फळ, साल आणि पाचोळा

फूल फसवते तेथे शेंग सत्य सांगते, आणि बहुतेक झाडांखाली मागच्या हंगामाची एखादी शेंग पडलेली असते. पिवळ्या फुलांच्या तीन झाडांचे पाहा. बहाव्याचा फुलोरा झुंबरासारखा खाली लोंबतो आणि शेंग लांब, गोल, काळपट नळीसारखी असते. कासोदाचा फुलोरा वर उभा राहतो, पान एकदाच विभागलेले असते आणि शेंगा चपट्या, लांब असतात. सोनमोहराचाही फुलोरा उभाच, पण पान गुलमोहरासारखे दुहेरी विभागलेले आणि शेंगा आखूड, चपट्या व तांब्याच्या रंगाच्या. तेव्हा शेंग हातात आल्यावर या तिघांत वाद राहत नाही. नीलमोहराचे फळ चपटे, गोलसर आणि लाकडासारखे कठीण असते, तर गुलमोहराची शेंग तलवारीएवढी लांब. फुले-पाने दोन्ही नसतानाही वर सांगितलेला घोळ तेथेच मिटतो.

सालीचे महत्त्व थोड्या झाडांपुरते आहे. तरुण सावरीच्या खोडावरचे शंकूसारखे काटे किंवा लहान तामणीच्या जातीची गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी साल उपयोगी पडते. बाकी साल वयानुसार इतकी बदलते की तिच्यावर फारसे विसंबू नये.

छायाचित्रे आणि टिपणे

एका झाडाची किमान सहा छायाचित्रे घ्यावीत: संपूर्ण झाड, फांदीचा हातभर भाग, ज्यात पानांची मांडणी दिसेल, एक पूर्ण पान देठासह, वरून व खालून, फुलोरा, फूल समोरून आणि बाजूने, फळ किंवा साल. बाजूने घेतलेले फूल बहुतेक जण विसरतात, वास्तविक नळीची लांबी आणि संदले त्यातच दिसतात. आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी बोट किंवा मोजपट्टी ठेवावी. पांढरे फूल उन्हात घेतले तर त्यातले तपशील उडून जातात, म्हणून फोनच्या पडद्यावर फुलावर बोट ठेवून उजेड कमी करावा, किंवा झाडाच्या सावलीत फूल नेऊन घ्यावे. वाऱ्याने हलणाऱ्या पानामागे तळहात धरला की पान स्थिरही राहते आणि पार्श्वभूमीही स्वच्छ मिळते.

जे कॅमेऱ्यात येत नाही ते वहीत लिहावे. वास, चीक, तारीख, वेळ, फुले उमललेली होती की मिटलेली, कोणते कीटक किंवा पक्षी आले होते. जांभळ्या-निळ्या छटा कॅमेरा पुष्कळदा बदलून दाखवतो, म्हणून डोळ्यांना दिसलेला रंगही शब्दांत नोंदवावा. बूच, पारिजातक यांसारखी फुले रात्री उमलतात आणि पहाटे सडा पडतो. भर दुपारी केलेल्या निरीक्षणात एवढी मोठी खूण निसटते.

आधी कुळ, मग वंश, मग जात

आता नाव शोधायचे, पण एकदम जातीवर उडी मारू नये. एका कुळात अनेक वंश आणि एका वंशात अनेक जाती असू शकतात. कुळ ठरले की शोध हजारो वनस्पतींवरून शेकड्यांवर येतो आणि वंश ठरला की बहुधा मूठभर पर्याय उरतात. शब्दांचीही एक गोम सांगितली पाहिजे: काही मराठी ग्रंथांत वंशालाच ‘प्रजाती’ म्हणतात, तर बोलण्यात ‘प्रजाती’ म्हणजे जात असा अर्थ रूढ झाला आहे. वाचताना लेखकाने कोणत्या अर्थाने शब्द वापरला आहे ते पाहावे.

बागांमध्ये वारंवार भेटणाऱ्या कुळांच्या काही खुणा लक्षात ठेवल्या तर पुष्कळ काम होते. पाने समोरासमोर, बहुधा संयुक्त, आणि फूल कर्ण्यासारखे, आत पुंकेसर दोन जोड्यांत चार, असे दिसले तर बिग्नोनिएसी कुळाचा विचार करावा. नीलमोहर, पिचकारी, बूच ही त्यातलीच. साधी पाने समोरासमोर आणि दोन देठांच्या मध्ये ते छोटे उपपर्ण असेल तर रुबिएसी, म्हणजे इक्झोरा, मुसेंडा, कदंब यांचे कुळ. समोरासमोर पाने, चौकोनी खोड, ओठांसारखे फूल आणि चुरगळल्यावर वास, ही तुळशीच्या कुळाची लक्षणे. पांढरा चीक आणि कळीत पिळवटलेल्या पाकळ्या दिसल्या तर कण्हेर-चाफ्याचे कुळ. पुंकेसरांची नळी म्हणजे जास्वंदीचे. पानात पारदर्शक ठिपके आणि पुंकेसर असंख्य असतील तर जांभूळ-बॉटलब्रशचे; ठिपके आहेत पण पुंकेसर मोजके आहेत, तर लिंबू-कामिनीचे. समांतर शिरा आणि तिनाच्या पटीतली फुले असतील तर एकदल वनस्पतींत शोधावे.

शेंगा धरणाऱ्या फॅबेसी कुळाला मात्र एकच फूल नाही, येथे तीन ठसे ध्यानात घ्यावे लागतात. पळस-पांगाऱ्याचे वाकड्या चोचीसारखे फूल, गुलमोहर-बहाव्याचे जवळजवळ सारख्या पाच पाकळ्यांचे फूल, आणि शिरिषाचा पुंकेसरांचा गोंडा. तिघांनाही शेंगच येते.

अ‍ॅपचा वापर

प्लांटनेट, आयनॅचरलिस्ट, गूगल लेन्स यांचा आधार अवश्य घ्यावा, पण त्यांचे उत्तर हा सुगावा समजावा, निकाल समजू नये. प्लांटनेटमध्ये पान, फूल, फळ, साल यांपैकी छायाचित्रात काय आहे ते सांगता येते आणि एकाच वेळी अनेक छायाचित्रे देता येतात. ती सोय न वापरता एकटे फूल टाकणे म्हणजे सुरुवातीलाच सांगितलेली चूक पुन्हा करणे. माझी पद्धत अशी आहे की फूल आणि पान आधी वेगवेगळे तपासावे. दोन्हींचे पहिले उत्तर एकच आले तर विश्वास वाढतो. जाती निराळ्या पण वंश एक आला तर वंश धरून चालावे. कुळही जुळले नाही तर अ‍ॅप बंद करून पुन्हा पानाकडे यावे. आयनॅचरलिस्टवर नोंद करताना झाड लावलेले आहे अशी खूण प्रामाणिकपणे करावी. अशा नोंदीला तेथे संशोधनाचा दर्जा मिळत नाही, पण ओळख पटायला त्याची गरजही नाही.

जाणकारांना विचारताना वरची सहा छायाचित्रे, झाड बागेतले आहे हा उल्लेख आणि आपला स्वतःचा अंदाज कारणासह द्यावा. ‘पाने समोरासमोर, बोटांसारख्या पाच पर्णिका, कर्ण्यासारखे फूल, टॅबेबुया असावे का?’ अशा प्रश्नाला नेमके उत्तर मिळते. खाण्यासाठी किंवा औषधासाठी मात्र अ‍ॅपच्या किंवा छायाचित्राच्या आधारावर कोणतीही वनस्पती कधीही वापरू नये.

पाटी आणि नाव

बागेतली पाटी हाही पुरावाच, आणि पुराव्यासारखाच तपासावा. एका बागेतल्या पाटीवर विसंबून मी कित्येक महिने एका झाडाला भलत्याच नावाने ओळखत होतो; ती पाटी शेजारच्या, कधीच वाळून गेलेल्या झाडाची होती. पाटीवरच्या शास्त्रीय नावात पहिला शब्द वंशाचा आणि दुसरा जातीचा असतो. ही दोन शब्दांची पद्धत वनस्पतींसाठी लिनिअसने 1753 मध्ये सरसकट वापरली. दोहोंच्या मध्ये गुणाकाराचे चिन्ह असेल तर ते झाड संकरित आहे, आणि शेवटी एकेरी अवतरणचिन्हांत नाव असेल तर ते वाणाचे नाव.

पाटीवरचे नाव आणि पुस्तकातले नाव जुळत नसेल तर दोन्ही बरोबर असू शकतात. उंच, निमुळत्या, शोभेच्या ‘अशोका’चे पॉलिअल्थिया हे नाव आता मोनून झाले आहे, टॅबेबुयातून 2007 मध्ये बऱ्याच जाती हँड्रोअँथस या वंशात गेल्या. लंडनच्या क्यू उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर जुने नाव टाकले की सध्याचे मान्य नाव मिळते.

बोलीतली नावे गोड असतात, पण ओळख पटवण्यासाठी ती पुरत नाहीत. आपल्याकडे चाफा म्हटले की सोनचाफा, हिरवा चाफा, देवचाफा, नागचाफा असे सगळेच येतात, आणि हे चारही चार वेगळ्या कुळांतले आहेत. देवचाफ्याला चीक असतो आणि पाकळ्या पाच. सोनचाफ्याला चीक नसतो, पाकळ्या बऱ्याच असतात आणि डहाळीवर प्रत्येक पानापाशी अंगठीसारखी खूण असते. हिरवा चाफा तर वेलीसारखा चढतो. अशोकाचेही असेच: केशरी-तांबड्या फुलांच्या खऱ्या अशोकाचे पान संयुक्त असते, आणि लाटांसारख्या कडेच्या साध्या पानांचा तो उंच अशोक दुसऱ्याच कुळातला.

एक उदाहरण

समजा, एक मध्यम उंचीचा वृक्ष जवळपास निष्पर्ण आहे आणि गुलाबी फुलांनी भरला आहे. पहिला अंदाज म्हणून तीन-चार नावे पुढे येतात: गुलाबी टॅबेबुया, गिरिपुष्प, गुलाबी फुलांचा बहावा, कांचन. झाडाखालचे फूल उचलले तर ते कर्ण्यासारखे, पाकळ्या जुळून झालेल्या नळीचे आहे. गिरिपुष्पाचे फूल वाटाण्याच्या फुलासारखे असते, बहावा व कांचन यांच्या पाकळ्या सुट्या असतात, म्हणून ती तिन्ही गळली. नळी चिरली तर आत चार पुंकेसर, एक जोडी लांब आणि एक आखूड. बिग्नोनिएसी हा कयास पक्का होतो. फांदीवर उरलेली चार पाने शोधली तर ती समोरासमोर आहेत आणि प्रत्येकात बोटांसारख्या पाच पर्णिका आहेत, मधली सर्वांत मोठी. पाचोळ्यात एक लांब, बारीक, दोन फाकांत उकललेले फळ आणि पंखांचे पातळ बी सापडते. म्हणजे टॅबेबुया किंवा हँड्रोअँथस. पर्णिकांची कड सरळ आहे आणि फुलाचा रंग फिकट गुलाबी, तेव्हा टॅबेबुया रोझिया हे उत्तर पुढे येते. गडद जांभळट रंगाच्या हँड्रोअँथस इम्पेटिजिनोससची पर्णिका पुष्कळदा दातेरी असते, म्हणून कोवळी पाने फुटल्यावर पुन्हा एकदा जाऊन कड पाहून यावे.

कोठे थांबावे

प्रत्येक झाडाच्या जातीपर्यंत पोहोचता येतेच असे नाही. गुलाब, कर्दळ, बोगनवेल, शोभेच्या जास्वंदी हे बहुतांशी संकरांचे संकर आहेत, आणि त्यांना एखाद्या जातीचे नाव चिकटवणे म्हणजे अचूकतेचा केवळ आव आणणे. तेथे वंशाचे नाव लिहून थांबणे हेच बरोबर. नाव नक्की म्हणण्यासाठी मी स्वतःपुरता नियम ठेवला आहे की पान, फूल आणि फळ या तिन्हींतले किमान एकेक लक्षण वर्णनाशी जुळले पाहिजे, आणि एकही लक्षण उघड विरोधात असता कामा नये. विरोधी लक्षणाकडे डोळेझाक करण्याचा मोह फार होतो, कारण तोवर मनाला नाव आवडू लागलेले असते.

जी झाडे अडतील त्यांची छायाचित्रे ‘कुळ ठरले’, ‘वंश ठरला’ आणि ‘काहीच नाही’ अशा तीन वेगळ्या फोल्डरांत ठेवावीत, झाडाची जागा नकाशावर खुणावून ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी, फुले जाऊन फळे धरलेली असताना, त्याच झाडापाशी पुन्हा जावे.